‘कमवा व शिका’ची यादी : महाविद्यालयीन संगणक शिक्षणाचा एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी कला आणि वाणिज्य शाखांचे एक अनुदानित महाविद्यालय आहे. आसपासच्या खेड्यांतून एसटीने ये-जा करणारी किंवा गावात खोली घेऊन राहणारी मुले-मुली तेथे शिकतात. त्यांच्यातील गरजू विद्यार्थ्यांना ‘कमवा व शिका’ योजनेखाली ग्रंथालयात, बागेत किंवा कार्यालयात ताशी मोबदल्यावर काम मिळते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी स्वावलंबी शिक्षणाची जी परंपरा महाराष्ट्रात रुजवली, तिच्याशी नाते सांगणारी ही योजना आज राज्यातील अनेक विद्यापीठांत चालते. महिनाअखेरीस कामाच्या तासांची यादी तयार होते, कार्यालयामार्फत ती बँकेत जाते आणि रक्कम थेट विद्यार्थ्यांच्या खात्यावर जमा होते. रक्कम मोठी नसते. परंतु खोलीभाडे आणि खानावळीचे पैसे त्यातूनच भागवणाऱ्या मुलांना ती कोणत्या तारखेला मिळते, याने फार फरक पडतो.

प्रस्तुत लेखक याच महाविद्यालयात लेखाकर्म आणि संगणकाचा कौशल्यवर्धन विषय शिकवतो. एका महिन्याची ही यादी वाणिज्य शाखेच्या द्वितीय वर्षातील तिघांनी मिळून केली होती. त्यांच्यापैकी एका विद्यार्थिनीने बारावीनंतरच्या सुट्टीत एमएस-सीआयटी ही संगणकाची प्रमाणपत्र परीक्षा उत्तम गुणांनी पूर्ण केली होती. दुसरा विद्यार्थी सुट्टीच्या दिवशी महा ई-सेवा केंद्रात दाखल्यांचे आणि शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देत असे. तिसऱ्याच्या हातात शाळेपासून फक्त मोबाइल होता. प्रथम वर्षाचा संगणकाचा विषय तिघेही उत्तीर्ण झालेले होते. काम त्यांच्याकडे सोपवताना कोणाला वावगे वाटले नाही आणि वाटण्याचे कारणही नव्हते.

घटना

कार्यालयातील वरिष्ठ लिपिकांना सारे महाविद्यालय भाऊसाहेब म्हणते. बँकेत जाणारी कोणतीही यादी पासबुकाच्या झेरॉक्स प्रतींशी ताडून पाहिल्याशिवाय त्यांच्या टेबलावरून पुढे सरकत नाही. या यादीची पहिली काही नावे तपासताच ते थांबले आणि म्हणाले, “सर, नाव बरोबर आहे, नंबरही बरोबर आहे, पण ह्याचा नंबर त्याच्या नावापुढे गेलाय.” पुढे तपासत गेल्यावर जवळजवळ सर्वच ओळींत तसे झालेले आढळले. यादीतील प्रत्येक नाव खरे होते, बहुतेक खाते क्रमांक खरे होते, तासही खरे होते. फक्त ते एकमेकांचे राहिले नव्हते.

यादी बँकेत गेली नाही, त्यामुळे कोणाचे पैसे दुसऱ्याकडे गेले नाहीत. मात्र ती पुन्हा हजेरीपटावरून तयार करावी लागली आणि त्या महिन्याचे पैसे उशिरा मिळाले. हे प्रकरण लिहून ठेवावेसे वाटले ते पुढच्या प्रश्नामुळे : प्रमाणपत्र असलेल्या, परीक्षा उत्तीर्ण झालेल्या आणि कामात अजिबात हयगय न करणाऱ्या तीन विद्यार्थ्यांच्या हातून असे का घडावे?

यादीत काय झाले होते

तिघांना समोर बसवून, कोणालाही दोष न देता, त्यांनी काय काय केले ते क्रमाने करून दाखवायला सांगितले. यादी आडनावांच्या अकारविल्हे हवी होती. त्यासाठी विद्यार्थिनीने नावांचा रकाना निवडला आणि क्रम लावण्याची आज्ञा दिली. अशा वेळी एक्सेल एक सूचना दाखवते आणि शेजारचे रकानेही सोबत घ्यायचे की निवडलेल्या रकान्यापुरतेच थांबायचे, असे विचारते. तिने दुसरा पर्याय निवडला. तिचे स्पष्टीकरण तिच्या परीने बरोबर होते : “सर, मला फक्त नावंच लावायची होती.” नावे सरकली आणि बाकीचे रकाने जागच्या जागी राहिले. प्रथम वर्षाच्या प्रात्यक्षिकात तिने क्रम लावण्याचा सराव केला होता, परंतु तो पाच-सहा ओळींच्या तयार तक्त्यावर केला होता आणि परीक्षकाने पाहिले होते ते इतकेच, की क्रम लागला की नाही. एक आडवी ओळ म्हणजे एक माणूस आहे आणि त्याच्याविषयीची सगळी माहिती त्याच्याबरोबरच हलली पाहिजे, हे तिला कोणी सांगितलेले नव्हते.

दुसरा दोष खाते क्रमांकांचा होता. खाते क्रमांकाची लांबी बँकेगणिक वेगळी असते आणि काहींचे क्रमांक सोळा अंकी असतात. एक्सेल कोणत्याही संख्येचे फक्त १५ सार्थ अंक जपून ठेवते. सोळा अंकी क्रमांक साध्या चौकटीत टंकला, की तो आधी ६.०३ई+१५ अशा रूपात दिसतो. ई-सेवा केंद्रात काम करणाऱ्या विद्यार्थ्याला हे रूप परिचित होते. त्याने चौकटीचा प्रकार बदलून सगळे अंक दिसतील असे केले आणि काम झाले असे समजून तो पुढे गेला. पण शेवटचा अंक तोपर्यंत शून्य झालेला होता. नंतर प्रकार कितीही बदलला तरी गेलेला अंक परत येत नाही. ज्या क्रमांकांच्या आरंभी शून्ये होती, तीही अशीच नाहीशी झाली होती, कारण संख्येच्या डावीकडील शून्याला गणितात किंमत नसते. पतसंस्थेत किंवा बँकेत मात्र ते शून्य खात्याचा भाग असते. आयएफएससीच्या, म्हणजे बँकेची शाखा ओळखण्याच्या संकेतांकाच्या, अकरा चिन्हांपैकी पाचवे चिन्ह नेहमी शून्य असते. यादीत बऱ्याच ठिकाणी तेथे इंग्रजी ओ हे अक्षर टंकले होते.

यातील कोणती चूक अधिक घातक, हे नीट समजून घेतले पाहिजे. अस्तित्वातच नसलेल्या खात्यावर पाठवलेली रक्कम बहुधा परत येते आणि चूक उघडकीस येते. खऱ्या, पण दुसऱ्याच्या खात्यावर पाठवलेली रक्कम मुकाट्याने जमा होते.

तारखांच्या रकान्यात आणखी निराळा गोंधळ होता. प्रयोगशाळेतील संगणकांवर अमेरिकी पद्धतीची रचना तशीच राहिलेली होती, म्हणजे महिना आधी आणि दिवस नंतर. त्यामुळे ०५/०९ ही नोंद पाच सप्टेंबरऐवजी नऊ मे अशी स्वीकारली गेली आणि १३/०९ ही नोंद तारीख म्हणून स्वीकारलीच गेली नाही. तेरावा महिना नसल्यामुळे ती नुसता मजकूर म्हणून राहिली. नीट पाहिले असते तर हा फरक डोळ्यांना दिसत होता, कारण मजकूर चौकटीच्या डाव्या कडेला चिकटतो आणि तारीख उजव्या. पण दिसायला एकसारखे असावे म्हणून त्यांनी सगळा रकाना मध्यभागी आणला होता आणि ती खूण पुसली गेली होती. टापटिपीचे धडे चोख गिरवल्याचा हा परिणाम होता, हे मला विशेष बोचले.

तासांच्या रकान्यात काही ठिकाणी ‘१२’ ऐवजी ‘१२ तास’ असे लिहिले होते. माणसाला दोन्ही सारखेच. बेरजेचे सूत्र मात्र मजकूर असलेली चौकट वगळते आणि वगळल्याचे सांगत नाही. बेरीज हजेरीपटापेक्षा कमी येते हे तिघांच्या लक्षात आले होते. सूत्र चुकत असावे असे समजून त्यांनी मोबाइलवरील कॅल्क्युलेटरवर बेरीज केली आणि तो आकडा तळाशी टंकून टाकला. त्यामुळे छापील यादीतील एकूण बेरीज तंतोतंत बरोबर होती.

जुळणारी बेरीज

या जुळलेल्या बेरजेमुळेच तिघेही निःशंक झाले होते. येथे वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला एक गोष्ट आठवायला हवी होती. तेरीज (ट्रायल बॅलन्स, म्हणजे सर्व खात्यांच्या नावे आणि जमा बाजूंचा ताळा) जुळली म्हणजे हिशेब निर्दोष ठरत नाही, हे ही मुले अकरावीपासून वाचत आलेली असतात. रक्कम बरोबर, बाजूही बरोबर, परंतु खतावणी दुसऱ्याच व्यक्तीच्या खात्यावर झाली असेल, तर तेरीज ती चूक दाखवू शकत नाही. परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो आणि तिघांनीही तो सोडवलेला होता. यादीत नेमकी तीच चूक झाली होती : एकूण तास तेवढेच, एकूण रक्कम तेवढीच, फक्त खाते दुसऱ्याचे.

मी हे दाखवून दिले तेव्हा तिघेही काही काळ यादीकडे पाहत राहिले आणि मग एकाने विचारले की हे लेखाकर्मात शिकलो ते संगणकालाही लागू होते का. माझ्या मते या संपूर्ण प्रकरणाचे निदान त्या प्रश्नात आहे. आपण संगणक हा एक वेगळा विषय म्हणून, वेगळ्या तासिकेला, वेगळ्या खोलीत शिकवतो आणि विद्यार्थी तो तसाच वेगळ्या कप्प्यात ठेवतात. लेखाकर्माच्या वहीत जी सावधगिरी त्यांच्या अंगवळणी पडलेली असते, ती पडद्यासमोर बसताच गळून जाते, कारण पडद्यावरचा आकडा यंत्राने दिलेला असतो आणि यंत्र चुकत नाही अशी त्यांची समजूत असते.

प्रमाणपत्राविषयी थोडेसे

एमएस-सीआयटीला किंवा महाविद्यालयीन विषयाला येथे कमी लेखायचे नाही. महाराष्ट्र ज्ञान महामंडळ २००१ मध्ये स्थापन झाले आणि त्यानंतर त्याच्या एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमामुळे ज्या गावांत संगणक पाहायलाही मिळत नव्हता, तेथे तो शिकण्याची सोय झाली. शासकीय नोकरीसाठी संगणक अर्हता आवश्यक झाल्याने असंख्य कुटुंबांनी मुलींनाही तेथे पाठवले. ही मोठीच गोष्ट आहे. अडचण परीक्षेच्या स्वरूपात आहे. ठळक करा, किनार द्या, क्रम लावा, आलेख काढा, अशा सुट्या कृती तपासल्या जातात. अमुक माहिती कोणत्या जातीची आहे आणि ती चुकल्यास कोणाचे काय होईल, हे तपासले जात नाही. आमच्या प्रथम वर्षाच्या प्रश्नपत्रिकेतही संगणकाच्या पिढ्या आणि लघुरूपांचे विस्तार यांना भरपूर गुण होते.

मोबाइलवर वाढलेल्या विद्यार्थ्यांची आणखी एक अडचण असते, जी पूर्वीच्या तुकड्यांना नव्हती. फाइल कोठे आहे असे विचारले, तर उत्तर येते, “व्हॉट्सॲपवर आहे.” फाइलला एक ठिकाण असते, ती एका फोल्डरमध्ये राहते आणि दुसऱ्याला पाठवली की तिची स्वतंत्र प्रत तयार होते, हे त्यांना आपोआप ठाऊक नसते. या यादीच्या ‘फायनल’, ‘फायनल २’ आणि ‘नवीन फायनल’ अशा प्रती तिघांच्या फोनमध्ये होत्या आणि प्रत्येकीत थोड्या वेगळ्या दुरुस्त्या होत्या. कार्यालयात छापली गेली ती कोणती, याचे खात्रीचे उत्तर तिघांपैकी कोणालाच देता आले नाही.

मराठी नावांचा प्रश्न

या यादीतील एक गुंता केवळ आपल्या भाषेतल्या कामातच उद्भवतो, म्हणून त्याकडे थोडे सविस्तर पाहिले पाहिजे. निम्मी नावे मोबाइलवर टंकली होती आणि ती युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षराला स्वतःचा ठरलेला संकेत देणाऱ्या सर्वमान्य पद्धतीत, होती. उरलेली कार्यालयातील जुन्या संगणकावर, जुन्या मराठी फाँटमध्ये टंकली होती. श्री-लिपी, शिवाजी किंवा सुरेख यांसारख्या जुन्या फाँटमध्ये पडद्यावर देवनागरी दिसते, पण संगणकाच्या लेखी तेथे रोमन अक्षरे आणि चिन्हेच असतात. फाँट फक्त त्यांचा चेहरा बदलतो. दोन्ही भाग एकत्र करून सगळ्या यादीला एकच युनिकोड फाँट लावताच जुन्या भागातील नावांचा अर्थहीन रोमन मजकूर झाला. मग मुलांनी तेवढ्या चौकटींना पुन्हा जुना फाँट लावला. दिसायला यादी सारखी झाली. परंतु क्रम लावताच जुन्या फाँटमधील नावे एकत्रितपणे वर गेली, कारण त्यांचा क्रम रोमन अक्षरांप्रमाणे लागत होता.

युनिकोडमध्येही सर्व काही सुरळीत असते असे नाही. क्षीरसागर हे आडनाव आपल्या वर्णमालेप्रमाणे शेवटी यावे अशी अपेक्षा असते. संगणक क्ष हे क आणि ष यांचे जोडाक्षर मानतो व ते क मध्ये बसवतो. गोऱ्हे, बऱ्हाटे अशा आडनावांतील अर्धा र दोन वेगवेगळ्या प्रकारे टंकता येतो, दिसतो मात्र एकसारखाच. एका प्रकारे टंकलेले नाव शोधताना दुसऱ्या प्रकारे टंकलेले निसटू शकते. ज्या राज्यात मराठी ही राजभाषा आहे, तेथील महाविद्यालयात संगणकाच्या पुस्तकात यावर एक परिच्छेदही असू नये, हे मला मनापासून अयोग्य वाटते. टंकलेखनाच्या शासकीय परीक्षेत मराठीचा वेग मोजला जातो; तो आवश्यकच आहे, पण टंकलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर वाचता येईल की नाही, हे त्याइतकेच आवश्यक आहे.

केलेले बदल

पुढच्या सत्रात कौशल्यवर्धन विषयाची प्रात्यक्षिके या एका यादीभोवती बांधली. विद्यापीठाचा अभ्यासक्रम तोच ठेवला; फक्त त्यातील प्रत्येक घटक यादीच्या कामातून शिकवला.

पहिल्या प्रात्यक्षिकाला संगणक सुरूच केले नाहीत. प्रत्येक विद्यार्थ्याने एका कार्डावर आपले नाव, वर्ग, तास आणि एक काल्पनिक खाते क्रमांक लिहिला. मग ती कार्डे आडनावांप्रमाणे लावली, नंतर तासांप्रमाणे लावली. कार्ड हलले की त्यावरचे सगळेच हलते, हे हातांनी अनुभवल्यावर सगळा तक्ता निवडूनच क्रम लावायचा असतो, हे वेगळे पाठ करून घ्यावे लागले नाही. क्रम लावण्यापूर्वी मूळ अनुक्रमांकाचा एक रकाना करून ठेवायचा, म्हणजे काही बिघडले तर त्यावरून परत पहिल्या क्रमाकडे जाता येते, ही सूचना विद्यार्थ्यांनीच केली.

त्यानंतर प्रत्येक रकान्याला एक प्रश्न विचारायची सवय लावली : याची बेरीज आपण कधी करणार आहोत का? तासांची करणार, रकमेची करणार. म्हणून ते आकडे. खाते क्रमांक, मोबाइल क्रमांक, पिनकोड यांची बेरीज कोणीच करत नाही. म्हणून ते मजकूर, आणि टंकण्याआधीच त्या रकान्याचा प्रकार मजकूर असा ठरवून घ्यायचा. तारखांसाठी संगणकाची प्रादेशिक रचना आधी भारतीय केली. तारीख आतून एक संख्याच असते, १ जानेवारी १९०० पासून मोजलेली, आणि १५ ऑगस्ट २०२४ ही तारीख एक्सेलच्या लेखी ४५५१९ आहे, हे पाहिल्यावर दोन तारखांची वजाबाकी करून दिवस कसे निघतात, हे वर्गाला चटकन उमगले.

अशा चुका फक्त शिकाऊंच्या हातून होतात असे त्यांना वाटू नये, म्हणून दोन उदाहरणे सांगितली. मानवी जनुकांना अधिकृत नावे देणाऱ्या समितीने २०२० मध्ये काही जनुकांची नावे बदलल्याचे जाहीर केले, कारण ‘मार्च १’ सारखे लघुनाम टंकताच एक्सेल त्याची तारीख करून टाकत असे. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये कोविडबाधितांच्या १५,८४१ नोंदी राष्ट्रीय आकडेवारीत वेळेवर पोहोचल्या नाहीत. जुन्या प्रकारच्या एक्सेल फाइलमध्ये ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत आणि पुढच्या ओळी गळून गेल्या होत्या.

वर्डचा भाग मेल मर्जपासून सुरू केला. प्रत्येक विद्यार्थ्याच्या नावाचे, त्याचा खाते क्रमांक छापलेले पत्र यादीवरून आपोआप तयार करायचे आणि त्याच्याकडून सही घेऊन परत आणायचे. पत्रलेखन, समास, परिच्छेदाच्या शैली हे सारे त्यातच आले. प्रयोगशाळेतील काही संगणकांवर परवाना असलेले ऑफिस नव्हते, तेथे लिबरऑफिस वापरले. ते विनामूल्य आहे, त्यात मराठी नीट चालते आणि कोणत्या कळेपेक्षा कोणत्या कल्पनेला महत्त्व आहे, हे दोन सॉफ्टवेअरवर तेच काम केल्याने अधिक स्पष्ट झाले. मराठी मजकूर फक्त युनिकोडमध्ये, असा वर्गाचा नियम ठरला.

परिणाम आणि उरलेल्या अडचणी

त्यानंतरच्या याद्या भाऊसाहेबांनी पूर्वीइतक्याच कसोशीने तपासल्या. नावे आणि खाती यांची अदलाबदल पुन्हा आढळली नाही. आयएफएससीतील ओ आणि शून्याची गल्लत अजूनही अधूनमधून होते. त्यासाठी पाचवे चिन्ह तपासणारे सूत्र शेजारच्या रकान्यात ठेवले आहे. फाइलच्या प्रतींचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. नाव देण्याचा नियम करूनही ‘फायनल’ प्रती फोनमधून फिरतच राहतात. ज्यांच्या घरी संगणक नाही, ते दिवाळीच्या सुट्टीनंतर बरेच काही विसरून येतात, आणि प्रयोगशाळा तासिकेबाहेर खुली ठेवायची तर तेथे थांबणारा माणूस हवा, ज्याची तरतूद नाही. कार्यालयातील जुन्या फाँटमधील फाइल्स अजून तशाच आहेत. विद्यापीठाच्या परीक्षेतही पूर्वीचेच प्रश्न येतात.

एका सहकाऱ्यांनी असा आक्षेप घेतला की आता कृत्रिम बुद्धिमत्तेला सांगितले की सूत्र मिळते, क्रम लागतो, पत्र लिहून होते. मग एवढा वेळ यादीवर का घालवायचा? सूत्र मिळते, हे खरे आहे आणि विद्यार्थी ते घेतातही. परंतु बिघडलेली यादी तशीच त्या यंत्राकडे दिली असती, तर तिच्यात त्याला चूक दिसण्याचे कारण नव्हते, कारण कोणाचे खाते कोणते हे सांगणारा पुरावा पासबुकाच्या झेरॉक्समध्ये होता आणि ती झेरॉक्स भाऊसाहेबांच्या कपाटात होती. ज्याला मूळ कागद कोणता आणि तो कशाशी ताडायचा हे कळते, त्यालाच अशा साधनाकडून काम करून घेता येते.

पहिली यादी करणारी ती विद्यार्थिनी पुढच्या सत्रात प्रात्यक्षिकांना खालच्या वर्गासोबत बसू लागली आणि खाते क्रमांकांचा भाग तीच समजावून सांगते. सध्याची व्यवस्था अशी आहे की यादीवर दोन विद्यार्थ्यांच्या सह्या असतात : एक यादी करणाऱ्याची आणि दुसरी ती पासबुकांशी ताडून पाहणाऱ्याची. या दोन सह्या एकाच विद्यार्थ्याच्या असल्या, तर भाऊसाहेब यादी परत करतात.